पळसपापडीने जंत पडतात का? आणि ते तपासायचं कसं

लाखांदूर तालुक्यात पळस मुद्दाम शोधायला जावं लागत नाही. धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावर, झुडपी जंगलात, चुलबंद आणि वैनगंगेच्या काठच्या पडीत जमिनीवर तो आपला आपण उगवतो. फाल्गुनात झाड केशरी होतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी पापडासारख्या चपट्या शेंगा वाळून खाली पडतात. प्रत्येक शेंगेच्या टोकाला एकच बी असतं, चपटं आणि तांबूस-तपकिरी. हीच पळसपापडी. पानांच्या पत्रावळी, फांद्यांवरची लाख आणि फुलांचा रंग सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्या घरांत बाळंतिणीच्या लाडवात पडणारं कमरकस म्हणजे याच झाडाचा वाळलेला लाल डिंक, हे मात्र दुकानदारही सांगत नाही.

युनानी तिब्बमध्ये या बीला तुख्मे-पलास किंवा पलास पापडा म्हणतात आणि त्याची गणना ‘कातिल-ए-दीदान’, म्हणजे जंत मारणाऱ्या औषधांत होते. आयुर्वेदातही पलाशबीज कृमींवरच सांगितलेलं आहे. कृमिमुद्गर रस या जुन्या औषधात ते पडतं. (त्याच औषधात कुचलाही असतो, जो विषारी आहे. म्हणून ‘झाडपाल्याचं आहे, काही होत नाही’ हे वाक्य आम्हाला कधीच पटलेलं नाही.) दोन वेगवेगळ्या परंपरा एकाच बीकडे बोट दाखवतात, तेव्हा त्यात काहीतरी असणार असं मानायला जागा आहे. पण हल्ली मोबाईलवर फिरणारे संदेश याच्या फार पुढे जातात. पळसपापडी जंत, जिवाणू, बुरशी सगळं मारते, आणि हे ‘संशोधनाने सिद्ध’ झालं आहे, असं त्यांत ठासून लिहिलेलं असतं. मग घरात प्रश्न पडतो, पोराला शाळेतली गोळी द्यायची की आजीच्या डब्यातलं बी?

आमचं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. पोराला गोळीच द्यावी. पळसपापडीवरचं संशोधन खरं आहे, पण त्यातले मोठे आणि मोजलेले पुरावे मेंढीपर्यंत पोचतात. ‘सिद्ध झालं’ असं कोणी म्हटलं की ते कशावर, किती मात्रेत आणि कशाशी तुलना करून, हे तीन प्रश्न विचारायला हवेत. ते कसे विचारायचे, हे समजावं म्हणून हा लेख.

हा प्रश्न आपल्या भागात नुसता माहितीचा नाही. धान लावणीच्या दिवसांत बाया-माणसं तासन् तास चिखलात अनवाणी उभी असतात. उघड्यावरच्या विष्ठेतून मातीत आलेल्या अंकुशकृमीच्या अळ्या पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात आणि माणूस हळूहळू फिका पडत जातो. गोल जंताची अंडी मातीच्या हातांतून आणि न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. शिवाय भंडारा जिल्हा हत्तीपाय रोगाच्या पट्ट्यात येतो, आणि तो रोगही जंताचाच. फरक एवढा की हा जंत डासाच्या चाव्यातून येतो आणि लसिकावाहिन्यांत राहतो. म्हणजे ‘जंत’ या एका शब्दाखाली निरनिराळे प्राणी, निरनिराळ्या जागी राहणारे. एकाला मारणारं औषध दुसऱ्याला मारेलच असं नाही.

औषध पारखायचं कसं, याचे नियम आपल्याच परंपरेत हजार वर्षांपूर्वी लिहिले गेले आहेत. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी ‘अल-कानून फित्-तिब्ब’च्या दुसऱ्या भागात दवा तपासण्याच्या सात अटी घातल्या. दवा शुद्ध असावी, तिच्यात बाहेरून आलेला गुण नसावा. ती एका साध्या आजारावर तपासावी, गुंतागुंतीच्या आजारावर नको. दवेची ताकद आजाराच्या ताकदीशी जुळावी. असर किती वेळाने होतो ते पाहावं, कारण आजार आपोआप उतरत असेल तर श्रेय दवेला जाऊ नये. असर पुन्हा पुन्हा दिसायला हवा, एकदाच दिसला तर तो योगायोग असू शकतो. आणि शेवटची अट अशी की पारख माणसावरच व्हावी, सिंहावर किंवा घोड्यावर जे घडलं ते माणसावर घडेलच असं नाही. आजच्या प्रयोगशाळेची यंत्रं त्यांच्याकडे नव्हती, पण पळसपापडीबद्दल आज जे विचारायचं आहे ते या अटींत जवळपास सगळं आलेलं आहे.

पहिली अट शुद्धतेची. तपासणीसाठी बी गोळा करताना झाडाची फुला-पानांसह डहाळी दाबून, वाळवून, वनस्पतीतज्ज्ञाकडून ओळख पटवून जपून ठेवतात. हे कंटाळवाणं काम वाटतं, पण ते न केल्यामुळे कितीतरी संशोधन वाया गेलं आहे. पळसासारखाच दिसणारा पळसवेल आहे, तो वेगळी जात. बाजारात जुनं, किडकं, बुरशी आलेलं बी मिळतं. बुरशीच्याच एखाद्या द्रव्याने जिवाणू मेले आणि आपण नाव पळसाचं घेतलं, असंही होऊ शकतं.

मग अर्क काढणं. इथे चीनच्या तू यूयू यांची गोष्ट सांगायलाच हवी. मलेरियावरचं औषध शोधताना त्यांच्या गटाने एका देशी वनस्पतीचा अर्क काढला, पण परिणाम कधी दिसायचा, कधी नाही. जुन्या वैद्यकग्रंथात ती वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. इकडे प्रयोगशाळेत ती तापवली जात होती. उष्णतेने औषध मरत असावं, हे त्यांच्या लक्षात आलं. कमी तापमानाला इथरमध्ये काढलेल्या अर्काने १९७१ साली उंदीर आणि माकडांतले मलेरियाचे परजीवी पूर्ण नाहीसे झाले. तेच आर्टेमिसिनिन. त्यासाठी त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. आजी ‘बी रात्रभर भिजव, उकळू नकोस’ म्हणते तेव्हा त्या सूचनेची नोंद करून ठेवावी ती याचसाठी. तिचं म्हणणं खरंच असेल असं नाही, पण तपासणीची एक बाजू ती फुकट दाखवून देते.

आपल्या देशातही हा रस्ता चालून गेलेली माणसं आहेत. हकीम अजमल खान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात डॉ. सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून १९३०च्या सुमारास एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला अजमलीन नाव दिलं. ते हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात वापरलं गेलं. पुढे १९४२ साली त्यांनीच कडुनिंबातून निंबिन काढलं. हकीमांची दवा रसायनाच्या चाळणीतून गेली म्हणून तिची इज्जत कमी झाली नाही.

पळसपापडीतलं जंतांवर चालणारं द्रव्य राज आणि कुरूप या भारतीय संशोधकांनी १९६७ साली वेगळं केलं. त्याचं नाव पलासोनिन. त्याची रचना लवकरच उलगडली आणि ती निघाली कँथॅरिडिनची जवळची नातेवाईक. कँथॅरिडिन म्हणजे हकीम ज्याला तेलनी मक्खी म्हणतात त्या किड्यातलं विष. अंगाला लागलं तर फोड येतात, पोटात गेलं तर मूत्रपिंडाला मार बसतो. दोन्ही रेणूंत फरक एका छोट्या गटाचा. म्हणून पलासोनिन तितकंच विषारी ठरत नाही, पण पळसपापडी सुपारीसारखी चघळायची वस्तू नाही, एवढं यावरून कळावं. कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांवर पाहिलं तेव्हा पलासोनिन त्यांचं साखर घेणं रोखतं आणि त्यांच्या शरीरातला साठाही संपवतं असं दिसलं. म्हणजे जंत उपाशी पडून लुळा होतो.

आता जिवाणूंवरची तपासणी. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. काचेच्या बशीत आगार नावाच्या गोठलेल्या खाद्यावर जिवाणू पसरवतात, त्यावर अर्कात बुडवलेली कागदाची टिकली ठेवतात किंवा लहान खड्डा करून त्यात अर्क घालतात, आणि बशी साधारण ३५ ते ३७ अंशांना रात्रभर ठेवतात. सकाळी टिकलीभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं तर त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारी एक टिकली नेहमीच्या प्रतिजैविकाची हवी आणि एक नुसत्या द्रावकाची. ही दुसरी टिकली पुष्कळदा विसरली जाते. अर्क अल्कोहोलात काढलेला असेल तर जिवाणू अल्कोहोलनेही मरतात, मग पळसाचं काय सिद्ध झालं? बरं, वर्तुळ मोठं म्हणजे औषध जोरदार, असंही नाही. पाण्यात विरघळणारं द्रव्य आगारात लांब पसरतं, तेलकट द्रव्य जागीच बसतं. पळसबियांच्या तेलाची अशी परीक्षा केली तर वर्तुळ लहान दिसेल आणि दोष आगाराचा असेल.

म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. अर्क पातळ करत करत न्यायचा आणि कमीत कमी किती मात्रेत जिवाणूंची वाढ थांबते ते शोधायचं. या क्षेत्रातल्या संशोधकांत एक ठोकताळा मानला जातो, की कच्चा अर्क दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत काम करत असेल तर पुढे जाण्यात अर्थ आहे. आपल्याकडचे कितीतरी निबंध मिलिलिटरला १० मिलिग्रॅमवर ‘उत्तम परिणाम’ जाहीर करतात. ही मात्रा त्या ठोकताळ्याच्या शंभरपट झाली. साधं गणित करून पाहा. माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त. त्यात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम हवं म्हटलं तर ५० ग्रॅम अर्क लागेल, तोही सगळाच्या सगळा रक्तात उतरला तर. एवढ्या मात्रेत मीठसुद्धा घातक ठरेल. बशीत जिवाणू मारणं अवघड नसतं. सिरका मारतो, साबण मारतो. माणसाच्या पेशींना धक्का न लावता जिवाणू मारणं अवघड. त्यामुळे त्याच अर्काची माणसाच्या पेशींवर काय मात्रा घातक ठरते, हे बाजूला छापलेलं नसेल तर तो निबंध अर्धाच समजावा.

बुरशीबद्दल एक नीट काम झालेलं आहे. श्रीलंकेच्या संशोधकांनी १९८९ साली पळसाच्या सालीतून मेडिकार्पिन हे बुरशीरोधक द्रव्य ओळखलं. पण ती साल होती, बी नव्हे, आणि बुरशी वनस्पतींवर-वस्तूंवर वाढणारी होती, गजकर्णाची नव्हे. बी लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावायची जुनी रीत आहे. त्याने कातडी लाल होते, चुरचुरते. कातडी लाल झाली म्हणजे बुरशी मेली असा अर्थ होत नाही, उलट लहान मुलांची कातडी त्याने सोलवटू शकते.

जंतांकडे येऊ. औषधनिर्माण महाविद्यालयांतल्या पुष्कळ प्रयोगांत ‘जंतनाशक परिणाम’ म्हणून जे छापलं जातं, ते गांडुळांवर पाहिलेलं असतं. अर्कात गांडूळ टाकायचं, ते किती मिनिटांनी लुळं पडलं आणि किती मिनिटांनी मेलं हे घड्याळात पाहायचं. गांडूळ मिळायला सोपं, खर्च नाही, महिन्याभरात निबंध तयार. पण गांडूळ मातीत राहणारा गरीब प्राणी. त्याची कातडी ओली आणि नाजूक, आणि गोल जंताशी त्याचं नातं फार लांबचं. आतड्यात राहणाऱ्या जंताचं कवच पाचकरसातही टिकतं. इब्न सीनांनी घोडा आणि माणूस यांत अंतर सांगितलं होतं, इथे तर गांडूळच घोड्याच्या जागी बसवलं आहे. विद्यार्थ्यांना हात बसावा म्हणून हा प्रयोग ठीक आहे. त्यावरून घरातल्या लेकराला दवा ठरवू नये.

याहून चांगली रीत म्हणजे बकऱ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांतून जंतांची अंडी वेगळी करायची आणि अर्काच्या वेगवेगळ्या मात्रांत किती टक्के अंडी उबतात ते मोजायचं. शेजारी अल्बेंडाझोल, शेजारी साधं पाणी. यात खरा परजीवी असतो. आणि शेवटी जिवंत जनावर.

पळसपापडीवरचं आम्हाला सगळ्यात वजनदार वाटणारं काम याच पायरीवरचं आहे. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या संशोधकांचं हे काम २००६ साली प्रसिद्ध झालं. पोटात आपसूक जंत झालेल्या मेंढ्यांना त्यांनी बियांची नुसती भुकटी दिली, वजनाच्या दर किलोला १, २ आणि ३ ग्रॅम. मात्रा वाढली तसा परिणाम वाढला, ही चांगली खूण. सगळ्यात मोठ्या मात्रेत दहाव्या दिवशी लेंड्यांतली जंतांची अंडी ७८.४ टक्क्यांनी घटली. त्याच प्रयोगात लेव्हामिसोल या नेहमीच्या औषधाने ती ९९.१ टक्क्यांनी घटली. दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. मोबाईलवरच्या संदेशात पहिलाच येतो. तो खोटा नसतो, पण पशुवैद्यक ९५ टक्क्यांच्या खाली घट दिसली तर नेहमीच्या औषधालाही जंत दाद देत नाहीत असा संशय घेतात. आणि मात्रा पाहा. दर किलोला ३ ग्रॅम म्हणजे १५ किलोच्या मुलाला ४५ ग्रॅम भुकटी होईल. असं कोणीही करू नये.

का करू नये, याला आणखी एक कारण आहे. पळसपापडी परंपरेत गर्भ राहू नये म्हणूनही वापरली गेली आहे, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत बियांतल्या ब्युटिन या द्रव्याचा तसा परिणाम दिसला आहे. गरोदर बाईने किंवा मूल हवं असलेल्या जोडप्याने तिच्या वाटेला जाऊ नये. कमरकसचा डिंक वेगळा आणि बी वेगळं. लाडवात डिंक चालतो म्हणून बीही चालेल असं समजू नये.

मुलांसाठी जी गोळी मिळते ती अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची, चावून खायची. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, १ ते १९ वर्षांच्या मुलांना ती शाळेत आणि अंगणवाडीत फुकट देतात. १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धीच, तीही चुरून. गोल जंतावर तिची एक मात्रा फार चांगली चालते, अंकुशकृमीवर चांगली, चाबकासारख्या बारीक जंतावर मात्र कमजोर. म्हणजे गोळीतही उणीव आहे आणि नव्या औषधांची गरज खरी आहे. जी मुलं मदरशात शिकतात आणि ज्यांचं नाव शाळेच्या पटावर नाही, ती या दिवशी सुटून जातात. त्यांच्यासाठी अंगणवाडीत किंवा आशाताईकडे गोळी मागून घ्यावी. शाळेबाहेरच्या मुलांना ती द्यायचीच असते.

हत्तीपाय रोगाच्या मोहिमेतल्या गोळ्या वेगळ्या. त्यात डीईसी आणि अल्बेंडाझोल असतं, काही ठिकाणी आयव्हरमेक्टिनही. हे तिसरं औषध जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून आलं आणि त्यालाही २०१५ सालच्याच नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. या गोळ्या उपाशीपोटी घेत नाहीत. मोहीम रमजानमध्ये आली तर रोजा असल्याचं सांगून इफ्तारनंतरची वेळ ठरवून घ्यावी, गोळ्या उशीखाली ठेवून विसरू नयेत. गरोदर बाया, २ वर्षांखालची मुलं आणि फार आजारी माणसं यांना त्या देत नाहीत. हत्तीपायाच्या जंतावर पळसपापडी हा इलाज नाही.

मग पळसपापडीची खरी जागा कुठे? आमच्या मते गोठ्यात. लाखांदूर भागात कितीतरी घरं ईदसाठी बकरा पाळतात, काहींचा धंदाच बकऱ्यांचा. पावसाळ्यात बकरीच्या पोटात रक्त पिणारे जंत होतात, डोळ्यांची आतली कातडी पांढरी पडते, जबड्याखाली सूज येते आणि पाहता पाहता जनावर जातं. दुकानातलं तेच ते औषध अंदाजाने, कमी मात्रेत, दर महिन्याला पाजल्यामुळे जंत त्याला जुमानेनासे होतात, हा जगभरचा अनुभव. अशा वेळी दारातलं बी ७८ टक्के जरी उतरलं तरी उपयोगाचं, आणि ते तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बकऱ्या वजन करून दोन गटांत वाटायच्या, एका गटाला काहीच द्यायचं नाही. दिवस पहिला आणि दहा-चौदा दिवसांनी लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात देऊन एका ग्रॅममधली अंडी मोजून घ्यायची. मात्रा आणि देखरेख पशुवैद्यकाची हवी, म्हणजे बकरी दगावणार नाही. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे परजीवींचा अभ्यास चालतो. एखाद्या बचत गटाने किंवा बकरीपालकांच्या मंडळीने मिळून विचारणा केली तर हे काम होण्यासारखं आहे. बाहेरची कंपनी बी आणि त्याची माहिती न्यायला आली तर जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे गावाच्या जैवविविधता समितीचा त्यात हक्क आहे. घरच्या वापराला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

तोवर बकरीला दुकानातलं औषधच द्यायचं असेल तर ते वजन पाहून पूर्ण मात्रेत द्यावं. नुकत्याच गाभण राहिलेल्या बकरीला अल्बेंडाझोल देण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण सुरुवातीच्या दिवसांत त्याने पिलात व्यंग येऊ शकतं. आणि कुर्बानीच्या जनावराला औषध दिलं असेल तर मांस किती दिवस खायचं नाही हे बाटलीवर छापलेलं असतं, ते बकरी ईदची तारीख धरून आधीच मोजून ठेवावं.